साधी मूठमाती : घरचा निरोप आणि नैसर्गिक दफन
(अभ्यासपाठ)

शास्त्रवाचन : उत्पत्ती २३, योहान १९:३८-४२, प्रेषितांची कृत्ये ९:३६-४१, १ करिंथ १५:३५-४४



आपल्या पत्रिकेत आपण शिक्षण, आरोग्य, पाणी, बचतगट अशा विषयांवर वाचतो. मरण आणि दफन या विषयावर मात्र सहसा कोणी लिहीत नाही. घरात कोणी गेले की त्या दिवशी विचार करायला वेळ नसतो, आणि इतर दिवशी तो विषय काढणे अशुभ वाटते. परिणाम असा होतो की सर्वांत दुःखाच्या घडीला आपले गरीब आदिवासी कुटुंब इतरांचे पाहून निर्णय घेते आणि त्याची किंमत पुढे कित्येक महिने मोजत राहते. म्हणून हा पाठ शांत वेळी, मंडळीत बसून वाचावा अशी विनंती आहे.

१. शास्त्रात दफन कसे होते?

साराच्या मरणानंतर अब्राहामाने हेथी लोकांकडून मकपेला येथील शेत व गुहा ४०० शेकेल रुपे मोजून विकत घेतली (उत्पत्ती २३). एफ्रोन ती जागा फुकट देऊ करत होता, तरी अब्राहामाने वेशीत, साक्षीदारांसमोर पूर्ण किंमत दिली. परक्या मुलखात राहणाऱ्या माणसाने आपल्या मृतांसाठी हक्काची जागा आधी पक्की केली. पेटीचा किंवा थाटाचा तिथे उल्लेख नाही. जागेचा व्यवहार मात्र बारकाईने सांगितला आहे. या गोष्टीकडे आपण पुढे परत येऊ.

नव्या करारात पाहा. लाजर कबरेतून बाहेर आला तेव्हा त्याचे हातपाय कापडाने बांधलेले होते (योहान ११:४४). हनन्याला मंडळीतल्या तरुणांनी गुंडाळून बाहेर नेले व पुरले (प्रे. कृत्ये ५:६). स्तेफनाला भक्तिमान माणसांनी पुरले व त्याच्यासाठी मोठा शोक केला (८:२). यापो येथील टबीथा, जिला दुर्कस म्हणत, ती मरण पावली तेव्हा तिला आंघोळ घालून घराच्या माडीवर ठेवले. जिच्या हातचे कपडे त्या गावच्या विधवांनी अंगावर घातले होते, तिच्याभोवती त्याच विधवा रडत उभ्या होत्या (९:३७-३९). आणि आपल्या प्रभूचे शरीर? अरिमथाईकर योसेफाने तागाचे कापड विकत आणले, निकदेमाने सुगंधी द्रव्ये आणली, दोघांनी आपल्या हातांनी ते शरीर गुंडाळले आणि दुसऱ्याच्या नव्या कबरेत ठेवले.

या सगळ्या ठिकाणी तीन गोष्टी सारख्या आहेत : स्वच्छ कापड, आपल्या माणसांचे हात, आणि जमीन किंवा खडकातली जागा. मृताची काळजी घेणे हे घरचे आणि मंडळीचे काम होते.

पण शास्त्राच्या नावाने नवा नियमही लादू नये. याकोबाच्या शरीराला मिसर देशात मसाले भरण्यात आले, त्याला ४० दिवस लागले. योसेफालाही तसेच करून पेटीत ठेवले (उत्पत्ती ५०). म्हणजे पेटी हे पाप नाही. आपला प्रश्न एवढाच आहे : पेटीशिवाय दफन 'ख्रिस्ती' होत नाही, असे जे आपण मानू लागलो आहोत, त्याला आधार काय? शास्त्रात तो सापडत नाही.

पौल शरीराला बीजाची उपमा देतो (१ करिंथ १५). बी पेरताना शेतकरी ते मातीत उघडे टाकतो, डबीत घालून पुरत नाही. पुनरुत्थान देणारा देव आहे. ते सामर्थ्य सागाच्या फळीत किंवा फरशीच्या कबरेत नाही. समुद्रात बुडालेले, आगीत गेलेले, रक्तसाक्षी होऊन ज्यांच्या देहाचा पत्ताही लागला नाही, असे सर्व संत त्याच आशेत आहेत. संत ऑगस्टीनने पाचव्या शतकात मृतांच्या काळजीविषयी एक लहान पुस्तक लिहिले. त्यात त्याचे म्हणणे असे, की दफनाचा थाटमाट जिवंतांचे सांत्वन करतो, मृताला त्याचा उपयोग नाही. तरीही शरीराला मानाने निरोप देणे योग्य आहे, कारण ते पवित्र आत्म्याचे साधन होते.

२. मग हा थाट आला कुठून?

यहुदी परंपरेत तालमूद ग्रंथात एक आठवण नोंदलेली आहे. एके काळी दफनाचा खर्च इतका वाढला होता, की नातेवाइकांना मरणापेक्षा तो खर्च जड जाई. काही जण प्रेत सोडून पळून जात. तेव्हा रब्बान गमलिएल या मोठ्या मानाच्या गुरूने आपले दफन साध्या तागाच्या वस्त्रात करवून घेतले, आणि त्याचे पाहून सर्व लोक तसे करू लागले. इथे बदल कोणी केला ते लक्षात घ्या. ज्याला थाट परवडत होता, त्याने तो आधी सोडला. म्हणून गरिबाची लाज गेली.

पहिल्या मंडळ्यांतही गरिबाचे दफन हा सर्वांचा भार होता. तर्तुल्लियन सांगतो की मंडळीच्या निधीतून गरिबांना खाऊ घालत आणि पुरतही असत. ख्रिस्ती विश्वासाचा विरोधक असलेल्या ज्युलियन बादशहाने इ. स. ३६२ मध्ये एका पत्रात मान्य केले, की परक्यांवर केलेली दया आणि मृतांच्या कबरांची घेतलेली काळजी यांमुळे हे लोक वाढत आहेत.

इंग्लंडमध्येही सतराव्या शतकापर्यंत सामान्य माणूस कापडात गुंडाळूनच पुरला जाई. अनेक मंडळ्यांत एकच सामाईक पेटी असे. तिच्यातून देह कबरेपर्यंत नेत, देह कापडासह खाली उतरवत, आणि पेटी पुढच्या वेळेसाठी परत आणत. प्रत्येकाला स्वतःची पेटी ही रीत नंतर रूढ झाली. रसायने टोचून शरीर टिकवण्याची पद्धत अमेरिकेत १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात पसरली, कारण दूर मेलेल्या सैनिकांना घरी पाठवायचे होते. १८६५ मध्ये अध्यक्ष लिंकन यांचे शरीर असेच टिकवून रेल्वेने वॉशिंग्टनहून स्प्रिंगफील्डला नेले, आणि ही पद्धत सर्वांना ठाऊक झाली. या कामात वापरले जाणारे फॉर्मल्डिहाइड माणसाला कर्करोग करणारे द्रव्य आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ठरवलेले आहे. त्याची झळ मुख्यतः ते काम करणाऱ्यांना बसते.

आता तेच देश मागे वळत आहेत. इंग्लंडमध्ये कार्लाइल येथे १९९३ मध्ये आधुनिक काळातील पहिली नैसर्गिक दफनभूमी सुरू झाली. अमेरिकेत दक्षिण कॅरोलायना राज्यात रॅमसे क्रीक येथे १९९८ मध्ये तसेच झाले. तिथे रसायने नाहीत, सिमेंटचा खड्डा नाही. कापड किंवा साधे लाकूड, वर माती आणि झाडे. पोप फ्रान्सिस यांनीही आपल्या मृत्युपत्रात जमिनीतली साधी, विशेष सजावट नसलेली कबर मागितली, आणि एप्रिल २०२५ मध्ये तिच्यावर केवळ त्यांचे नाव कोरले गेले.

आपल्याला दूर जायचेही कारण नाही. आपले मुसलमान शेजारी कफनात पुरतात. लिंगायत बांधव पेटीशिवाय समाधी देतात. मेळघाटातले कोरकू आपल्या मृतांना पुरून त्यांच्या नावाने कोरीव लाकडी खांब उभारतात, त्याला मुंडा म्हणतात. डोंगरातल्या आपल्या वाडवडिलांना पेटी ठाऊक नव्हती. खड्डा खणायला गाव येई, घरोघरून धान्य येई. प्रभूकडे आल्यावर आपण भीती आणि भूतबाधेच्या विधींपासून मुक्त झालो, हे खरे. पण त्याबरोबर ही साधी रीतही टाकून देण्याची गरज नव्हती.

३. आपल्या गावात काय घडते?

सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यातले उदाहरण सांगतो. म्हातारे वडील श्रावणात वारले. तालुक्याहून लाकडी पेटी आली, आत फोम आणि नायलॉनची झालर. रात्रभरासाठी बर्फाची पेटी भाड्याने आली, टेम्पो आला, मांडव आला, जेवण झाले. महिन्याभरात कबरेवर फरशी बसली. पैसे कुठून आले? दोन्ही मुलांनी ऊसतोडीच्या मुकादमाकडून जास्तीची उचल घेतली. त्या वर्षी ती फेडायला सुनाही कोयता घेऊन गेल्या, आणि घरी मुले सांभाळायला कोणी उरले नाही म्हणून मुलेही गेली. दिवाळीनंतर शाळा सुटली ती होळीपर्यंत. या कुटुंबाला मी दोष देत नाही. त्यांनी बापावरच्या प्रेमापोटी केले, आणि 'लोक काय म्हणतील' या धाकापोटीही. तो धाक घालणारे लोक म्हणजे आपणच, मंडळीतले आपण सर्व.

दुसऱ्या एका वाडीत एका विधवा मावशीने जिवंतपणीच पाळकांना सांगून ठेवले होते, 'मला मांजरपाटात गुंडाळा, माझ्यामागे उधारी नको.' ती गेली तेव्हा शहरात नोकरी करणारा मुलगा आला आणि चिडला. 'आईला भिकाऱ्यासारखं पुरणार का?' असे त्याने विचारले. पाळकांनी वाद घातला नाही. योहानाचा १९ वा अध्याय काढून त्याच्या हाती दिला आणि वाचायला सांगितले. त्याने वाचले, बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, 'निदान उघड्यावर नेऊ नका.' ते मान्य झाले. मंडळीकडे असलेल्या सामाईक पेटीतून तिला नेले आणि कापडासह मातीत ठेवले. खड्डा खणण्यात तो मुलगाही होता. तेराशे गोष्टी सांगून पटले नसते, ते हाताला फोड आल्यावर पटले, असे तोच नंतर म्हणाला.

४. घरी तयारी कशी करावी?

मरण वयोमानाने किंवा ठाऊक असलेल्या आजाराने घरी झाले असेल, तर पुढील गोष्टी घरच्या घरी करता येतात.

(अ) आधी डॉक्टर किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवून मृत्यू झाल्याची खात्री व कारणाचा दाखला घ्यावा. 

(आ) शरीर साधारण दोन ते चार तासांत ताठरू लागते. म्हणून डोळे मिटणे, हनुवटीखालून कापडाची पट्टी बांधून तोंड मिटवणे, हातपाय सरळ करणे ही कामे लगेच करावीत. उशीर झाला तर जोर लावू नये.

(इ) कोमट पाणी व साबणाने आंघोळ घालावी. हातमोजे वापरावेत, कापूस व जुने सुती कापड जवळ ठेवावे. स्त्रीला स्त्रियांनी, पुरुषाला पुरुषांनी. एका वेळी शरीराचा एकच भाग उघडा करावा. हे काम करताना स्तोत्र वाचावे किंवा गीत म्हणावे.

(ई) धुतलेल्या सुती कपड्यात किंवा पाच-सहा मीटर कोऱ्या मांजरपाटात गुंडाळावे. नायलॉन, पॉलिस्टर, प्लास्टिकची फुले टाळावीत. ती मातीत कुजत नाहीत.

(उ) खोली गार व हवेशीर ठेवावी. उन्हाळ्यात बर्फाच्या लाद्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून पाठीखाली व पोटाजवळ ठेवाव्यात. आपल्या हवामानात त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी दफन करणे उत्तम.

(ऊ) बांबूची ताटी किंवा सामाईक पेटी वापरावी. कबरेत उतरवण्यासाठी तीन मजबूत सुती पट्टे आणि सहा माणसे पुरतात.

(ए) मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करावी. घरी मृत्यू झाल्यास ही जबाबदारी कुटुंबप्रमुखाची असते. नोंद राहिली तर पुढे वारस लावणे, विधवेचे निवृत्तिवेतन, विम्याचे पैसे, सगळेच अडते.

केव्हा हे करू नये, तेही सांगितले पाहिजे. अपघात, सर्पदंश, विषबाधा, आत्महत्या, किंवा कोणताही संशयास्पद मृत्यू असेल तर शरीराला हात न लावता पोलिसांना कळवावे. कॉलरासारख्या साथीच्या आजारात आरोग्य विभाग सांगेल तसेच करावे. क्षयरोग्याच्या बाबतीत मास्क व मोकळी हवा आवश्यक आहे. कामासाठी परराज्यात गेलेला आपला भाऊ तिथे वारला आणि त्याला विमानाने आणायचे असेल, तर शरीर टिकवण्याची प्रक्रिया करावीच लागते. त्यात विश्वासाला कसलीही बाधा येत नाही.

५. कबर कुठे आणि कशी?

नैसर्गिक दफन म्हणजे कुठेही पुरणे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने १९९८ च्या अहवालात सुचवलेली अंतरे ध्यानात ठेवावीत : पिण्याच्या विहिरीपासून किंवा कूपनलिकेपासून २५० मीटर, झरा किंवा ओढ्यापासून ३० मीटर, आणि कबरेच्या तळाखाली पाण्याच्या पातळीपर्यंत किमान एक मीटर कोरडी माती. पावसाळ्यात पाणी साचणारी जागा टाळावी. वरच्या मातीतच हवा व जिवाणू जास्त असतात, म्हणून नैसर्गिक दफनभूमीत कबर फार खोल नसते. आपल्याकडे कुत्री व तरस उकरतात, म्हणून साधारण चार-पाच फूट खोली घ्यावी, आणि स्थानिक नियम वेगळा असेल तर तो पाळावा. वर मातीचा उंचवटा करावा, कारण माती बसते. त्यावर दगड व काटेरी फांद्या रचाव्यात. पहिल्या पावसानंतर बाजूला करंज, आवळा किंवा कडुनिंब लावावा. सिमेंटचा कट्टा नको. त्याने जागा कायमची अडते आणि पुढच्या पिढीला ती पुरत नाही.

आता जागेचा हक्क. इथे अब्राहामाची गोष्ट आठवा. जानेवारी २०२५ मध्ये छत्तीसगडच्या बस्तर भागात एका ख्रिस्ती पाळकांचे निधन झाले. गावात दफनाला विरोध झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि ७ जानेवारीला वारलेल्या त्या वृद्धाचे शरीर २७ जानेवारीपर्यंत शवागारात राहिले. न्यायमूर्ती नागरत्ना यांनी कुटुंबाच्या खासगी शेतात दफनाची मुभा दिली. न्यायमूर्ती शर्मा यांचे मत वेगळे पडले. शेवटी दोघांनी मिळून वीस-पंचवीस किलोमीटरवरील ख्रिस्ती दफनभूमीत दफन करण्याचा निर्देश दिला. याच न्यायालयाने १९९५ मध्ये सन्मानाचा हक्क मृतदेहालाही आहे असे म्हटलेले आहे. तरीही त्या कुटुंबाचे वीस दिवस कोण भरून देणार?

म्हणून 'आपल्याच शेतात पुरू' असे गृहीत धरू नका. आजच चौकशी करा. गावात दफनभूमीची जागा आहे का? सातबाऱ्यावर तशी नोंद आहे का? नसेल तर ग्रामसभेत सर्व समाजांच्या लोकांसह विषय मांडा, ठराव करून घ्या, तहसीलदारांकडे अर्ज द्या. दहनभूमी व दफनभूमीच्या सोयींसाठी जिल्हा परिषदेमार्फत जनसुविधेचे अनुदान मिळू शकते, त्याचीही मागणी करा. हे सगळे कोणी वारलेले नसताना करायचे आहे. मांडवात प्रेत असताना मागितलेली जागा भांडण करून मिळते. शांतपणे मागितली तर शेजाऱ्याच्या संमतीने मिळण्याची आशा असते.

६. मंडळीने काय ठरवावे?

पहिले, वडील मंडळींनी आणि नोकरदार सभासदांनी आपल्या घरच्या दफनापासून सुरुवात करावी. गरिबाला 'तू साधे कर' असे सांगून स्वतः थाट करणे हे शिकवणे नव्हे.

दुसरे, एक सामाईक पेटी किंवा ताटी, मांजरपाटाचे दोन संच, हातमोजे, पट्टे, दोन कुदळी, दोन फावडी एका पत्र्याच्या ट्रंकेत तयार ठेवावी. भगिनी मंडळातल्या चार आणि तरुण संघातल्या सहा जणांना हे काम शिकवावे.

तिसरे, दफनाच्या दिवशी जेवणाचा भार घरावर टाकू नये. भाकरी मंडळीतून यावी.

चौथे, कबरेवर सर्वांना सारखीच खूण असावी. जर्मनीतल्या हेर्नहूट येथील मोरावियन मंडळीने अठराव्या शतकापासून हे पाळले आहे. तिथे बहुतेक सर्वजण एकाच तऱ्हेच्या साध्या आडव्या दगडाखाली आहेत.

पाचवे, प्रत्येकाने आपली इच्छा लिहून किंवा दोन साक्षीदारांना सांगून ठेवावी.

आणि जे साहाय्यक बंधू-भगिनी दुरून अर्पण पाठवतात त्यांना एक विनंती. एखाद्या सेवकाच्या स्मरणार्थ संगमरवरी कबर बांधण्याऐवजी त्या दफनभूमीला कुंपण द्या, वाट द्या, पन्नास रोपे द्या. त्यांच्या नावाची आठवण त्यातून राहील, आणि एखाद्या घरची मुले त्या वर्षी शाळेतच राहतील.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत मागच्या दोन-तीन दफनांत कोणता खर्च प्रेमापोटी झाला आणि कोणता लाजेपोटी?
२. टबीथाच्या घरी जमलेल्या विधवांनी जे केले, ते आपल्या भगिनी मंडळाला करता येईल का? अडचण कोणती?
३. आपल्या गावातील दफनभूमीची कागदोपत्री नोंद काय आहे? ती कोण पाहून येईल, आणि केव्हा?
४. पेटी हवीच असे एखाद्या कुटुंबाला वाटले, तर त्यांना न दुखावता मंडळीने कसे सोबत राहावे?

प्रार्थनेचे विषय

ज्या घरांत या तिमाहीत मृत्यू झाला त्यांच्या सांत्वनासाठी. दफनाच्या कर्जाखाली असलेल्या कुटुंबांसाठी. ज्या गावांत दफनाच्या जागेवरून तेढ आहे तिथे समेट व्हावा म्हणून. ग्रामसभेत हा विषय मांडणाऱ्यांना धीर आणि सौम्य जीभ मिळावी म्हणून.

ज्या प्रभूला उसनी कबर पुरली, तोच आपणा सर्वांना पुनरुत्थानाच्या आशेत स्थिर ठेवो. आमेन.